गुरुवारी आलेला नळ

एमिलअण्णा, परवा गुरुवारी सकाळी आपल्या गल्लीत नळ आला.

आपला वार शुक्रवार. तो तुम्हीच ठरवून दिलेला, आणि तुम्ही मेंबर नसतानाही इतकी वर्षं तो एरवी कुणी मोडला नव्हता. गुरुवारी सातच्या सुमाराला मी नेहमीसारखी चहा घेऊन तुमच्याकडे आले, हाक मारली, पुन्हा मारली, आणि तुम्ही उठला नाहीत. डॉक्टर येऊन गेले. बातमी कोपऱ्यावरच्या दुधाच्या दुकानात पोचली आणि तिथून हुसेनसाबच्या कानावर गेली. आठच्या आत तो ती लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकून आला आणि त्यानं आपल्या गल्लीचा वॉल्व्ह फिरवला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. कुणाच्या घरी मयत झालं की त्या गल्लीला पाणी सोडायचं, वार असो नसो, हे त्याच्या बापानं त्याला शिकवलंय. बापही वॉल्व्हमनच होता.

गल्लीत सगळ्यांना वाटतंय की हे तुम्हाला चाललं नसतं. तुम्ही म्हणजे नियम, तुम्ही म्हणजे घड्याळ, मयताला पाणी न सोडणारा परदेशी मेंबर तो तुम्ही. खरं काय ते एका मलाच माहीत आहे. ते तुम्हाला सांगायचं राहून गेलं असं लिहिणार होते, पण राहून गेलं नाही, मी सांगितलं नाही. शाळेत तीस वर्षं मुलांना खरं लिहा म्हणून सांगितलं, तेव्हा इथं तरी नीट लिहिते.

पेपरात तुमच्याबद्दल चार ओळी आल्यात. मूळचे स्वित्झर्लंडचे, स्प्रिंगांचे कारखानदार, माजी नगरसेवक. नाव चुकीचं छापलंय. तुम्ही ते वाचून कात्री आणली असती, कापून वहीत चिकटवलं असतं आणि चूक तांबड्या शाईनं दुरुस्त करून मला दाखवली असती.

ती वही मला आठवते. तुम्ही पहिल्यांदा आमच्या घरी आलात तेव्हा हातात तीच होती, दोनशे पानी, वर खाकी कव्हर. कन्नड लिहायला शिकायचं होतं. बोलायला तुम्हाला येतच होतं, आणि तीच पंचाईत होती. गोकुळ रोडच्या कारखान्यात मशीनवरच्या पोरांकडून शिकलेलं कन्नड तुमचं. पहिल्याच दिवशी तुम्ही आमच्या व्हरांड्यात बसून मला इतक्या प्रेमानं काहीतरी विचारलंत, आणि त्यात एक असा शब्द होता की आमच्या ह्यांनी पेपर तोंडावर धरला तो दहा मिनिटं काढला नाही. मी तो शब्द फळ्यावर लिहिला आणि त्यावर फुली मारली. तुम्ही वहीत लिहून घेतलात आणि फुलीही मारलीत. मग विचारलंत, "अक्कोर, असे आणखी किती आहेत?"

अक्कोर. कन्नड शाळेतल्या बाईंना आमच्याकडे असंच म्हणतात. तुम्ही शेवटपर्यंत मला तेच म्हणालात. मी कन्नडची मास्तरीण, घरात मराठी, आणि शिकायला आलेला माणूस बर्फाच्या देशातला. आमचे हे म्हणायचे, हुबळीत काय काय बघायला मिळतं बघा.

तुमची बायको दोन उन्हाळे काढून परत गेली होती. तिच्याबद्दल तुम्ही कधी वाईट बोलला नाहीत. "तिला ऊन बाधलं, मला बाधलं नाही," एवढंच. तुम्ही राहिलात. कारखाना वाढवलात, आपल्या गल्लीत घर घेतलंत, आणि एक दिवस येऊन म्हणालात की तुम्हाला इथला नागरिक व्हायचंय, कारण तुम्हाला निवडणुकीला उभं राहायचंय.

मी हसले. तुम्ही हसला नाहीत. तुमच्या कारखान्यातली माणसं नळाच्या दिवशी कामावर येत नसत. तुम्ही त्यांना विचारलंत, नळाचा दिवस कोणता? त्यांना माहीत नव्हतं. पाणी पाचव्या दिवशी येई, आठव्या दिवशी येई, कधी दहाव्या. कुणीतरी घरी बसून वाट बघायची. तुम्ही माझ्या व्हरांड्यात येऊन टेबलावर हात आपटून म्हणालात, "पाणी कमी आहे, ते मला समजतं. पण कधी येणार हे कुणालाच माहीत नाही, आणि कुणाला त्याचा राग पण येत नाही, हे मला समजत नाही."

मला राग येत होता अण्णा. वर्षाच्या माझ्या सगळ्या किरकोळ रजा पिंपाशेजारी बसून संपायच्या. पण हे रागावण्यासारखं आहे, हे तुम्ही सांगेपर्यंत मला सुचलं नव्हतं.

पासपोर्ट परत करायला जाण्याच्या आदल्या दिवशी तुम्ही तो मला दाखवायला आणलात. लाल कव्हर, वर पांढरा क्रॉस. "बघून घ्या अक्कोर. उद्यापासून हा नाही." मी विचारलं, आणि कधी परत जावंसं वाटलं तर? तुम्ही खांदे उडवलेत. "व्हिसा काढीन की. सगळे रांगेत उभे राहतात, मी पण राहीन."

तुमचं भाषण मी लिहून दिलं होतं. केशवापूरच्या चौकात टेम्पोवर उभं राहून तुम्ही ते वाचलंत, कागद दोन्ही हातांनी धरून. त्यात एकच वाक्य तुमचं स्वतःचं होतं आणि तेच लोकांनी लक्षात ठेवलं. "मी पाणी वाढवून देणार नाही, ते माझ्या हातात नाही. ते कधी येणार एवढं मी सांगेन." लोक आधी हसले. मग बायकांनी टाळ्या वाजवल्या. तुम्ही निवडून आलात तेव्हा तुमच्या कारखान्यातल्या माणसांनी तुम्हाला गुलालात असं बुडवलं की आठवडाभर तुमचे कान गुलाबी होते.

आणि तुम्ही ते केलंत. दोन महिने तुम्ही हुसेनसाबच्या मागे मागे वॉर्डभर हिंडलात, हातात तीच वही. कुठला वॉल्व्ह कुठल्या गल्लीचा, कुठं चढ, कुठं उतार. हुसेनसाब मला येऊन म्हणाला, "अक्कोर, हा साहेब मला माझंच काम विचारतोय आणि लिहून घेतोय. माझ्या बापानं पण मला इतकं विचारलं नव्हतं." मग एका रविवारी तुम्ही वेळापत्रक घेऊन आलात. प्रत्येक गल्लीला एक वार, सकाळी सहा ते आठ. आपल्याला शुक्रवार.

एमिलअण्णा, त्या शुक्रवारानं मला आठवड्यातले सहा दिवस दिले. मी रजा घेणं सोडलं. संध्याकाळी तुमच्याबरोबर आणि ह्यांच्याबरोबर उणकलच्या तळ्यावर फिरायला येऊ लागले. तुम्ही तुमच्या गावच्या तळ्याची तारीफ करायचात, मी म्हणायचे त्यात पाय तरी घालता येतो का थंडीनं, आणि तुम्ही म्हणायचात पाय घालायला तळं कशाला लागतं, बघायला लागतं. हे भांडण मिटलं नाही. आता उणकलला चहूबाजूंनी घरं झालीत, बघायचं झालं तरी कुणाच्या तरी गच्चीवर जावं लागेल. ह्या भांडणात तुम्ही जिंकलात असं मी आता लिहून द्यायला तयार आहे.

आता बोर्डाचं.

बोर्ड तुम्ही कारखान्यातून प्लायवुडचा करून आणलात, पुरुषभर उंच, पांढरा रंग दिलेला. अक्षर माझं. वॉर्डात माझ्याइतकं चांगलं कन्नड अक्षर कुणाचं नव्हतं आणि हे मला माहीत होतं. आमच्या व्हरांड्यात आडवा टाकून मी दोन दुपारी तो रंगवला. गल्ल्यांची नावं, वार, वेळ. खाली थोडी जागा उरली. तुम्ही गुडघ्यावर बसून एकेक अक्षर जुळवत सगळं वाचलंत आणि वर बघून विचारलंत, "अक्कोर, बाळंतीण असेल तर? घरात मयत झालं तर? हे कुठं लिहिलंय?"

तुम्ही विचारलंत. हे मी गल्लीत एकदाही कुणाला सांगितलं नाही. तुम्हाला ती पद्धत माहीत होती, हुसेनसाबच्या मागे दोन महिने हिंडलेल्या माणसाला ती माहीत नसणार कशी?

मी म्हणाले, "लिहिलंत तर उद्यापासून घरोघरी मयत व्हायला लागेल. कुणाची आत्या, कुणाची मावशी. लग्न असलं की आदल्या दिवशी हटकून कुणीतरी मरेल." तुम्ही हसलात. मी हसत नव्हते. मला माझे सासरे आठवत होते.

ते तुम्ही आपल्या गल्लीत येण्यापूर्वी गेले. तेव्हा आपल्या गल्लीला दुसराच वॉल्व्हमन होता, तो म्हणाला, मेंबरची परवानगी आणा. आमचे हे मेंबरच्या दारात जाऊन उभे राहिले. घरात बाप जमिनीवर ठेवलेला आणि मुलगा दुसऱ्याच्या पायरीवर हात जोडून उभा. मेंबर आत न्याहारी करत होते. ती झाली, पान झालं, मग बाहेर आले आणि म्हणाले, बघू, सांगतो. पाणी आलं. पण हे त्या दिवशी ज्या तोंडानं घरी आले ते तोंड मी विसरले नाही. मला वाटलं, सवलतच नको. सवलत असली की ती देणारा कुणीतरी असतो, आणि मग मागणाऱ्याला त्याच्या पायरीवर उभं राहावं लागतं. तुम्ही चांगले होता. तुमच्यानंतर कोण येईल काय माहीत?

हे मी तुम्हाला तेव्हा समजावून सांगायला हवं होतं. तुम्ही ऐकलं असतंत, वाद घातला असतात, आणि आपण दोघांनी मिळून काहीतरी मधलं काढलं असतं. पण मला सासऱ्यांची गोष्ट सांगायची लाज वाटली. मी नुसतं म्हणाले, "तुम्हाला इथलं माहीत नाही."

तुम्ही उठलात, गुडघे झाडलेत. "तुम्ही इथल्या. तुम्हाला जास्त कळतं," म्हणालात. आणि मी उरलेल्या जागेत तांबड्या रंगानं लिहिलं: कोणत्याही कारणासाठी वार बदलला जाणार नाही. खाली तुमचं नाव. अक्षर फार सुरेख आलं होतं. मी लांब उभी राहून बघितलं आणि मला आनंद झाला, हेही लिहिते.

दीड वर्ष सगळं सुरळीत चाललं. मग एका सोमवारी सकाळी समोरच्या शांतव्वा गेल्या. गल्लीतल्या निम्म्या पोरांची नाळ त्यांनी कापलेली. त्यांचा मुलगा बसवराज, माझाच विद्यार्थी, उघड्या अंगानं तुमच्या दारात आला आणि म्हणाला, साहेब, नळ सोडायला सांगा. तुम्ही त्याला बसायला सांगितलंत आणि आधी माझ्याकडे आलात. आठवतंय? मी शाळेला निघाले होते, परीक्षा चालू होती, केसांना पीन लावत होते. तुम्ही उंबऱ्यात उभे राहून विचारलंत, "अक्कोर, काय करू? शांतव्वा आहेत."

मी म्हणाले, "बोर्डावर काय लिहिलंय?"

आणि रिक्षात बसून गेले.

बाकीचं मी ऐकलं ते ह्यांच्याकडून. तुम्ही बसवराजला सांगितलंत, वार बदलता येत नाही, पण काळजी करू नको, मी पाणी देतो. आणि कारखान्याच्या बोअरचा टँकर मागवलात. तुमच्या हिशोबानं ते नळाच्या पाण्याच्या दसपट होतं. अर्ध्या तासात टँकर गल्लीत, पाठीवर तुमच्या कारखान्याचं नाव. तुम्ही स्वतः पाईप ओढून शांतव्वांच्या दारापर्यंत नेलात. बसवराज बाहेर आला. बघत राहिला. मग म्हणाला, "माझी आई काय स्लॅब आहे काय, टँकरनं पाणी मारायला?"

तुम्हाला कळलंच नाही. तुम्ही ह्यांना विचारत राहिलात, पाणी स्वच्छ आहे, मी पितो हे, मग काय झालं? आता ह्यांनी तुम्हाला काय सांगायचं! नळ सोडतात तो निव्वळ पाण्यासाठी सोडत नाहीत. नळ आला म्हणजे गावानं ऐकलं, गावानं मान दिला. टँकर बोलवायचा तो बांधकामाला आणि मांडवाला. मग घरोघरच्या पिंपांतून एकेक घागर निघाली. ह्यांनी आमच्यातल्या दोन नेऊन दिल्या. भरलेला टँकर गल्लीच्या मध्ये ठिबकत उभा, आणि माणसं घागरी घेऊन त्याला वळसा घालून जात होती. तुम्ही त्याच्या चाकाशी उभे होता म्हणे, पाईप हातात धरून.

त्यानंतर गिरणीत, दुकानात, देवळाच्या पायरीवर एकच बोलणं. परक्या मुलखातला माणूस, त्याला मयत काय कळणार. मी दळण घेऊन रांगेत उभी असायची आणि ऐकायची. एकदा एकीनं मला विचारलंही, "अक्कोर, तुम्ही तरी सांगायचं होतं की त्यांना." मी म्हणाले, "ते कुठं ऐकतात."

हे वाक्य मी खरंच म्हणाले, एमिलअण्णा. तुम्ही, ज्यांनी माझं सगळं ऐकलं.

बोर्डावर शेण मारलं कुणीतरी. तुम्ही बादली घेऊन धुतलात. पुढच्या निवडणुकीत तुमच्या विरुद्ध उभा राहिलेल्या माणसानं दुसरा काहीच प्रचार केला नाही. घरोघर जाऊन शांतव्वांचं नाव काढलं आणि हात जोडले. तुम्ही पडलात. आपल्याच गल्लीनं पाडलं. निकालाच्या दिवशी संध्याकाळी तुम्ही सहा वाजता वही घेऊन आलात, कारण तो धड्याचा दिवस होता. तुम्ही म्हणालात, "आज जोडाक्षरं." एकदाही म्हणाला नाहीत की बोर्डावरचं ते वाक्य तुमचं नव्हे, माझं होतं. मला नाही, ह्यांना नाही, कुणालाच नाही. मी त्या दिवशी तुम्हाला जोडाक्षरं शिकवली.

नव्या मेंबरनं तुमचे वार तसेच ठेवले. बायकांनी बदलू दिले नसते. मयताचं पाणी पुन्हा सुरू झालं. तुमचं नाव गेलं आणि शुक्रवार राहिला. बोर्ड तुम्ही स्क्रू-ड्रायव्हर घेऊन स्वतःच काढलात आणि डोक्यावर घेऊन घरी गेलात. पुढं त्याचं काय केलंत ते मी विचारलं नाही.

मग तुमची बहीण गेली. फोन आला तेव्हा मी तुमच्याकडेच होते. तुम्हाला जायचं होतं, आणि जायला व्हिसा लागत होता, तुमच्या स्वतःच्या गावाला जायला. तुम्ही मुंबईच्या वकिलातीत अर्ज केलात, फोन केलेत. पलीकडची मुलगी तुमच्याच भाषेत तुमच्याशी अदबीनं बोलत होती. तिचा शब्द न् शब्द तुम्ही मला कन्नडमध्ये सांगत होता, जणू धडाच चाललाय. कागद पूर्ण पाहिजेत. क्रमानं होईल. कोणत्याही कारणासाठी क्रम बदलता येत नाही. तुम्ही फोन ठेवलात आणि म्हणालात, "बरोबर आहे तिचं."

व्हिसा आला तेव्हा बहिणीला पुरून बरेच दिवस झाले होते. तुम्ही गेला नाहीत.

त्या दिवशी मी सांगायला हवं होतं. तुमच्या टेबलाशी समोरासमोर बसले होते, घरात तिसरं कुणी नव्हतं. अण्णा, मला क्षमा करा, ते वाक्य लिहायला नको होतं, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणाले, "चहा टाकू का?" तुम्ही म्हणालात, टाका.

नंतरच्या वर्षांबद्दल काय लिहू? स्प्रिंगा बाहेरून स्वस्तात यायला लागल्या. कारखाना विकलात, त्या जागी आता फर्निचरचं दुकान आहे. तुमची पाठ गेली. डॉक्टरांनी मऊ गादी बंद केली, खाली फळी घाला म्हणाले. तुम्ही फिरायला जायचं थांबवलंत. मी रिटायर झाले आणि सकाळी सातला चहा घेऊन यायला लागले. रोज यायचे आणि रोज वाटायचं, आज सांगू. मग तुम्ही म्हणायचात, "अक्कोर, आज काय वार?" आणि मी वार सांगायचे. शेवटच्या दिवशी बुधवार होता. तुम्ही म्हणालात, "म्हणजे परवा नळ." तुमच्या माझ्यातलं शेवटचं बोलणं हेच.

आता गुरुवारचं ऐका, कारण तुम्ही तिथं होता आणि नव्हता.

तुम्हाला आंघोळ कोण घालणार हा प्रश्न होता. चर्चचे फादर दुपारी येणार होते. तुमचं इथं कुणी नाही. मी ह्यांच्याकडे बघितलं, पण ह्यांचे गुडघे तुम्हाला माहीत आहेत. तेवढ्यात बसवराज आला, अंगातला शर्ट काढून दारातल्या खुंटीला अडकवला आणि म्हणाला, "मी घालतो. माझ्या आईच्या वेळचं मी केव्हाच विसरलो. माणूस वाईट नव्हता. त्याला आपली रीत कळली नाही, एवढंच." असं म्हणून त्यानं तुम्हाला उचलायला हात घातला.

त्याच वेळी बाहेर ओरडा झाला. "नळा बंदाव! नळ आले!" तुमच्या अंगणात उभी असलेली निम्मी माणसं पळाली. खरंच पळाली अण्णा, चपला टाकून. घागरी, बादल्या, डबे. फादरना निरोप द्यायला निघालेला माणूससुद्धा आधी घरी गेला. आत तुम्ही, मी, आमचे हे आणि बसवराज, आणि बाहेर गल्लीभर पाण्याचा आवाज. तुम्ही असता तर घड्याळ बघितलं असतंत.

बसवराजनं तुम्हाला पाटावर घेतलं आणि चादर बदलायला गादी उचलली. गादीखाली फळी नव्हती. तो बोर्ड होता.

पाठीसाठी तुम्ही तो घातला होतात. लांबीला बरोबर होता, प्लायवुड चांगलं होतं, टाकून कशाला द्यायचं. तुम्ही असाच विचार केला असणार. पण मला सांगा, अक्षरं वरच्या बाजूला का ठेवलीत? पांढरा रंग पिवळा पडलेला, गल्ल्यांची नावं फिकट झालेली. तांबडी ओळ तेवढी जशीच्या तशी. इतकी वर्षं तुम्ही माझ्या वाक्यावर झोपत होता.

बसवराज वाकून बघत राहिला. ह्याच अक्षरावरून मी त्याला बाराखडी गिरवायला लावलेली, दुसरीत. बोट फिरवत फिरवत त्यानं ती ओळ वाचली. मग मान वर केली. "अक्कोर, हे तुमचं अक्षर."

देवानं आणून दिलेली वेळ होती ती. तुम्ही पाटावर, ज्याला सांगायचं तो समोर, आणि बोर्ड मध्ये. मला फक्त होय म्हणायचं होतं आणि एक वाक्य पुढं. अक्षर माझं आणि शब्दही माझे, साहेबांनी मयताचं विचारलं होतं.

मी म्हणाले, "होय रे. ते सांगायचे तसं मी लिहायची."

त्यानं मान हलवली. गादी खाली ठेवली. बाहेर जाऊन नळाखाली घागर लावली आणि भरून आणली आणि तुमच्या डोक्यावर हळू हळू ओतली, डोळ्यांत जाऊ नये म्हणून कपाळाशी तळहात धरून. तुम्हाला क्षमा केली त्यानं. जे तुम्ही केलं नव्हतंत त्याची. आणि मी टॉवेल धरून उभी होते.

मग घरी जाऊन मीही पिंप भरलं.

काल शुक्रवारी नळ आला नाही. गुरुवारचं पाणी वापरून झालं होतं, वर ऑफिसात कुणीतरी हिशेब केला की ह्या गल्लीला ह्या आठवड्याचं मिळालंय. दुपारी बायका तुमच्या फाटकाशी उभ्या राहून बोलत होत्या. "साहेब गेले आणि जाताना शुक्रवार घेऊन गेले बघा." एक जण हसली. मीही हसले.

बोर्ड आता माझ्याकडे आहे. ह्यांनी विचारलं कशाला आणलास, मी म्हणाले कपाटामागं राहू दे. तांबडी ओळ खरवडून काढावी म्हणून सुरी घेतली होती, दोन अक्षरं निघाली, मग हात थांबला. ती गेली तर तुमच्या बाजूनं बोलणारं काहीच उरत नाही.

हे सगळं मी मराठीत लिहिलंय, एमिलअण्णा. इतकी वर्षं मी तुम्हाला शिकवलं ते कन्नड, मराठी तुम्हाला कधी वाचता आली नाही. बसवराजलाही येत नाही, हुसेनसाबला नाही, ह्या गल्लीत आमच्या ह्यांच्याशिवाय कुणालाच येत नाही, आणि ह्यांना आता वाचण्याइतकं दिसत नाही. लिहायला बसले तेव्हा वाटलं होतं, मराठी माझी घरची भाषा, म्हणून तीत लिहितेय.